अनारकानकडच्या सीडी

काराकोल गावच्या बाजारामागे बुरुल टोप्यांवर मशीनने भरतकाम करून द्यायची. एक दिवस तिचा कॉम्प्युटर बिघडला. दुरुस्तीत जुन्या फाईली वाचल्या, पण नक्षीचं सॉफ्टवेअर गेलं. ते तिने रीतसर विकत घेतलं होतं, पण घर बदलताना सीडी हरवल्या. परवान्याचा नंबर छापलेलं रिकामं खोकं तेवढं उरलं होतं. कंपनीला फोन केला, तर "ते जुनं झालं, नवीन घ्या," एवढंच उत्तर मिळालं. नवीन काही शिकायची ताकद तिच्यात राहिली नव्हती.

त्या सॉफ्टवेअरच्या सीडी गावात फक्त अनारकानकडे होत्या. दोघी पूर्वी एकाच दुकानात भागीदार होत्या. भांडून वेगळ्या झाल्यापासून बोलणं बंद होतं. बुरुल तिच्या दारात जाऊन उभी राहिली.

"सीडी हव्यात. नंबर माझ्याकडे आहे."

"माझ्या दारात यायला कॉम्प्युटर बिघडावा लागला होय?"

"टोमणे नंतर मार गं. दमलेय मी."

अनारकान सीडी घेऊन तिच्याबरोबर निघाली. सॉफ्टवेअर चालू झालं. बुरुलने पहिलीच फाईल उघडली, ती दोघींनी मिळून केलेली मेंढ्याच्या शिंगांची नक्षी निघाली.

"डावं शिंग अजून वाकडंच आहे," अनारकान म्हणाली.

"तूच काढलं होतंस," बुरुल म्हणाली आणि तिने चहाचं आधण ठेवलं.