शुक्रवारचं श्राद्ध गुरुवारी

सकाळी साडेसातला रावमामांचा फोन आला.

"सुधा, प्रसाद मणतो श्राद्ध गुरुवारी. तुझ्या साइटवर बघितला मणे. पंचांगात शुक्रवार आहे. काय केलीस गे?"

मी तंजावूरला वेबसाइट बनवते. रावमामा तिरुवैयारूला कावेरीकाठी पिढ्यान्पिढ्या या तमिळ मुलखात राहिलेल्या आमच्या मराठी घरांची श्राद्धं चालवतात; कुणाचं श्राद्ध कधी ते दाखवणारी त्यांची साइट मीच केली. नात्याचे नाहीत, पण सगळेच त्यांना मामा म्हणतात. प्रसाद अमेरिकेत नोकरी करतो. त्याच्या वडिलांचं पहिलं वर्षश्राद्ध होतं आणि तो एकुलता एक. रजा मोजकी, म्हणून गुरुवारी श्राद्ध आणि त्याच संध्याकाळी परतीचं विमान असा त्याचा बेत होता. म्हणजे खऱ्या तिथीला तो आकाशात असणार होता.

हे उघडकीला आलं ते मामांच्या जुन्या सवयीमुळे. श्राद्धाच्या आदल्या दिवशी कर्त्यानं एकदाच जेवायचं असतं. ते सांगायला मामा आठवडाभर आधी प्रत्येकाला स्वतः फोन करतात. "गुरुवारी एकदाच जेव," असं ते म्हणाले, तेव्हा प्रसाद म्हणाला, "गुरुवारी तर श्राद्धच आहे ना, मामा?"

मी साइट उघडली. शुक्रवार. प्रसादकडून स्क्रीनशॉट मागवला. गुरुवार. मग माझ्या लॅपटॉपचं घड्याळ अमेरिकेच्या वेळेला लावलं आणि पान पुन्हा उघडलं. माझ्या डोळ्यांसमोर शुक्रवारचा गुरुवार झाला.

चूक माझीच होती, आणि तीही हुशारी करायला जाऊन झालेली. आदल्या वर्षी मी एका गाण्याच्या बाईंची साइट केली होती. त्यांचे शिष्य देशोदेशी. क्लासची वेळ ज्याला त्याला आपापल्या घड्याळाप्रमाणे दिसावी, असा कोड मी लिहिला होता. बाई खूश, मी त्याहून खूश. मामांच्या साइटला तोच कोड जसाच्या तसा चिकटवला.

कॉम्प्युटर तारीख लक्षात ठेवतो ती बहुतेक वेळा एक क्षण म्हणून. मी शुक्रवार लिहिला, त्यानं "तंजावूरला शुक्रवार सुरू होताना, मध्यरात्री शून्य वाजून शून्य मिनिटं" असं साठवलं. त्या क्षणी अमेरिकेत गुरुवारची दुपार असते. सोबत वेळ दिसली असती तरी कुणाला शंका आली असती. पण श्राद्धाच्या तारखेपुढे बारा एएम वाईट दिसतं, म्हणून वेळ मीच लपवली होती. इथे टेस्टिंग केलं ते घरच्याच मशीनवर. सगळं बरोबर दिसणारच.

प्रसादला फोन लावला.

"प्रसाद, चूक माझी आहे. श्राद्ध शुक्रवारीच."

तो म्हणाला, "अक्का, रिटर्न टिकट झालं. बॉसला सांगून झालं. मामांनी फोन केला नसता तर? अप्पांचं पहिलं वर्ष आहे."

मी सॉरी म्हटलं, पण ते पुरेसं वाटलं नाही. तासाभरानं त्याचा मेसेज आला: एक दिवसाची रजा वाढवून मिळाली, टिकट शनिवारचं झालं. तेव्हा कुठे मी कॉफी प्यायले.

मग साइट दुरुस्त करायला बसले. तारीख क्षण म्हणून साठवणं बंद केलं, साधा शब्द म्हणून ठेवली. आता ती कुठेही बघा, बदलत नाही. मामांना बोलावून दाखवलं.

"तिथी वर घाल, मोठी. तारीख खाली," ते म्हणाले.

तिथी आणि महिना मराठी हवा, पण देवनागरी आमच्यात वाचतो कोण? कोडच्या तयार लायब्ररीत मराठी निवडलं की देवनागरी येते, तमिळ निवडलं की चित्तिरै-वैगासी हे तमिळ महिने. म्हणून भाद्रपद, आश्विन अशी बारा महिन्यांची आणि सगळ्या तिथींची नावं मी तमिळ लिपीत हातानं टाइप केली. मामांनी चष्मा वर करून एकेक तपासलं.

"आणि खाली अजून एक ओळ घाल. आदल्या दिवशी एकदाच जेवण, वारासकट."

"ते तुम्ही फोनवर सांगताच की, मामा."

"मी किती दिवस सांगणार गे? सरि, लिही."

ती ओळ वेगळी टाइप करून घातली; तारीख पुन्हा सरकली तर दोन्ही वार जुळणार नाहीत. माझ्या आजवरच्या कोडमधली सगळ्यात उपयोगी तपासणी तीच असावी, आणि ती मला सुचली नव्हती.

शुक्रवारी दुपारी तीनला मामांचा फोन आला. "झालं. तीन पिढ्यांची नावं घेतला पोरगा, कागद बघितला नाही." मला एकदम मोकळं वाटलं, इतकं की मी ऑफिसला सुट्टी दिली. ऑफिसात मी एकटीच असते.

आता नवं काम घेताना मी आधी विचारते, "ही तारीख बघणाऱ्याच्या गावची, की काम व्हायचंय त्या गावची?" क्लायंट हसतात, मग विचार करायला लागतात. आणि श्राद्धाच्या आठवडाभर आधीचा मामांचा फोन अजून बंद झालेला नाही. करू नका असं मी एकदाही म्हटलेलं नाही.