धोंडुबाईची काळी पोत

धोंडुबाई कडेगावची. विश्रामबागेत माझ्याकडे स्वयंपाकाला लागली, त्याआधीच तिचा नवरा केरबा ट्रक घेऊन गेला होता तो परतला नव्हता. जिवंत आहे की नाही, कोणालाच ठाऊक नव्हते. गळ्यातली काळी पोत मात्र तिने कधी उतरवली नाही. दोरा जुना झाला की आधी गळ्यात हळकुंड बांधायची, मगच पोत गाठवायला द्यायची.

१९९४ साली त्या पोतीखाली सुपारीएवढी गाठ दिसू लागली. सुई घालून तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, "थायरॉइडची गाठ आहे. रिपोर्ट संशयास्पद आहे, कॅन्सर नाहीच असे मी सांगू शकत नाही. काढावी लागेल." साताऱ्याला तिच्या भावाला, आप्पासोला, मी फोन केला. "बघतो," म्हणाला. आला नाही.

ऑपरेशनच्या सकाळी सिस्टर म्हणाली, "मावशी, गळ्यातलं काढा."

"न्हाई. मग ऱ्हाऊ द्या ते आपरेशन."

"अहो, गळ्यावरच तर करायचंय. कोणी सवाष्ण आलीय का बरोबर? तिच्याकडे द्या."

"माज्या मनगटात बांधा की."

"हाताला सलाईन लागणार. पायात बांधू?"

"पायात तुज्या नवऱ्याला बांध."

सिस्टर हसली. धोंडुबाई हसली नाही. ती कॉटवरून उतरली आणि लुगड्याचे गाठोडे बांधू लागली.

मी स्टुलावर बसून होते. कॉन्व्हेंट शाळेत नन्सनी असल्या समजुती मानू नका असे शिकवले असले, तरी हे गेल्यापासून हळदीकुंकवाला मला कोणी बोलावले नव्हते. विधवेने सवाष्णीच्या पोतीला हात कसा लावायचा? गाठोडे बांधून झाल्यावर ती माझ्याकडे बघत राहिली.

"बाई, हात करा हिकडं."

"माझा?"

"दुसरं कोन हाय हितं?"

तिने स्वतःच पोत काढली आणि माझ्या डाव्या मनगटाला दुहेरी गुंडाळून बांधली. "संबाळा. त्यो आला तर काय दावू मी?" म्हणाली आणि कॉटवर आडवी झाली.

बाहेर बाकावरच्या दोघी बायका आधी माझ्या कपाळाकडे आणि मग मनगटाकडे बघत होत्या. मी मनगटावर पदर ओढून घेतला नाही.

संध्याकाळी ती शुद्धीवर आली. गळ्याला पट्टी, आवाज नुसता श्वासासारखा. गाठीचे काही विचारले नाही. माझा हात शोधला.

"हाय?"

"आहे."

तिने डोळे मिटले. काढलेल्या गाठीचा रिपोर्ट यायचा होता. घरी येऊन मी एकटीचे पान वाढून घेतले. हात धुताना पोत भिजू नये म्हणून डावे मनगट वर धरले.