टिळ्याखालचं नाव

सन १९१२ साली मला त्रेसष्टावं लागलं होतं. त्या वर्षी तंजावरात आमच्या लोकांची एक सभा निघाली. राजांबरोबर उत्तरेकडून खाली आलेली जी घराणी, फक्त त्यांची. घराण्याची वंशावळ तपासायची, पुरावा बघायचा, मग ती वहीत लिहायची, आणि वही पुढे छापायची असं ठरलं. ज्याचं घर वहीत, तो सभासद.

मला त्या वहीत जायचं होतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे म्हाताऱ्याला हौसच नव्हती असं नंतर कुणी म्हणायला नको.

कारण जुनं आहे. कंपनीनं राज्य खालसा केलं तेव्हा मी पाच-सहा वर्षांचा होतो. आबा, म्हणजे माझे वडील, राजवाड्याच्या उत्तरेकडच्या दरवाजावर उभे राहायचे. साहेबानं राजाच्या माणसांची यादी करायला घेतली. सगळे जाऊन नाव सांगून आले, आबा गेले नाहीत. म्हणाले, "मी कोण ते या दरवाजाला ठाऊक आहे." दरवाजाला कुणी विचारलं नाही. यादी आमच्याशिवाय पुरी झाली. पुढे लग्नकार्यात पंगतीला बसलं की कुणीतरी सहज विचारायचं, यादीतले का तुम्ही? आबा पाण्याचं भांडं तोंडाला लावायचे आणि सावकाश पीत राहायचे. मी शेजारीच बसलेला असायचो.

पण आमच्याकडे कागद होता. राजानं आमच्या मूळपुरुषाला दिलेली सनद. तांब्याच्या नळीत असायची. ती मोडीत होती आणि मोडी घरात कुणाला येत नव्हती. मला बालबोध येतं, तेही दोन वर्षांच्या पंतोजीच्या शाळेपुरतं. वाचायची गरज कधी पडली नाही, कारण ती सनद आमच्याकडे पूजेत होती. दर खंडेनवमीला केळीच्या पानावर तलवार ठेवायची, ढाल ठेवायची आणि मध्ये ती उलगडायची. मी लहान असताना आबांनी माझा अंगठा धरून जागा दाखवली होती. वरून तिसरी ओळ, उजवीकडे. "इथं मोठ्या आजोबांचं नाव. नाव म्हणजे कपाळ. इथं टिळा." त्यांना त्यांच्या वडिलांनी असंच दाखवलं होतं. तिथं कुंकवाचा थर जमून जमून पावली ठेवल्यासारखा जाड झाला होता. मी त्याच्यावर दरवर्षी अंगठा दाबून वर ओढत आलो.

अष्टमीच्या दिवशी नळी घेऊन मी सभेच्या चिटणिसाकडे गेलो. चिटणीस माझा मेहुणाच, बायकोचा धाकटा भाऊ. त्याच्या घराच्या तिण्णैवर, बाहेरच्या ओट्यावर, वही मांडलेली होती, आणि मोडी वाचायला दफ्तरातले एक म्हातारे रावजी बसवले होते. मेहुण्यानं कापी, म्हणजे कॉफी, मागवली. मग नळीकडे बघून हसला. "दाजी, देवाला आणलंत की कागदाला?"

मी म्हटलं, आमच्यात दोन्ही एकच.

मी आठ पिढ्या तोंडपाठ म्हणून दाखवल्या. श्राद्धाला तीनच लागतात, बाकीच्या आबांनी पाठ करून घेतल्या होत्या. मेहुण्यानं त्या पाटीवर उतरवल्या. म्हणाला, सगळ्यात वरचं नाव सनदेत आहे एवढं रावजींनी बघितलं की झालं. मागच्या महिन्यात दोघेजण रचलेली वंशावळ घेऊन आले होते, तेव्हापासून सभेनं नियम कडक केला होता.

रावजी मजकूर वाचत गेले. एक घोडा, एक तंबू, तिरुवैयारूच्या अलीकडची थोडी जमीन, आणि उत्तरेचा दरवाजा राखायचं काम. दरवाजा ऐकल्यावर मेहुण्यानं माझ्याकडे बघितलं. मी कापीवरची साय बघत होतो. रावजी नावापाशी थांबले.

"हे काढावं लागेल," ते म्हणाले. "खाली नाव असेल. काढू का, ते तुम्ही सांगा."

त्या थरात आबांचे टिळे होते, त्यांच्या वडिलांचेही. पण काढल्याशिवाय वाचता येत नव्हतं आणि वाचल्याशिवाय वहीत जाता येत नव्हतं. मी म्हटलं, काढा.

त्यांनी लेखणी तासायच्या चाकूनं हळूहळू कुंकू उचललं. जखमेवरची खपली निघते तसं ते एका तुकड्यात निघालं. कागद त्याच्याबरोबरच निघाला. सनदेला अंगठ्याएवढं भोक पडलं. भोकातून खालच्या चटईचे पट्टे दिसत होते. रावजींनी तो तुकडा उलटा करून उजेडात धरला. मागूनही लालच होता. अक्षर नव्हतं.

"पुसून पुसून गेलंय," ते म्हणाले. "आजचं नाही हे. फार वर्षांचं."

मला तेव्हा काही वाटलं नाही. लोक विचारतात म्हणून मी पुष्कळदा आठवून बघितलं. काही वाटलं नाही. रावजींच्या उपरण्यावर तपकिरीचा डाग होता, तो आठवतो.

मेहुणा वाईट माणूस नव्हे. त्यानं रावजींना आत पाठवलं आणि मला सांगितलं की वहीच्या शेवटी एक पान आहे, तिथं ऐकीव माहितीवरची घरं घेतात. खाली सही केली की पुरे, त्यांनाही सभासद करतात. "सही करा, दाजी. मागच्या पानावर असलं तरी वहीतच असतं. तुमचे आबा गेले नाहीत, म्हणून तुम्ही अजून चालताय. आता तरी बसा."

त्यानं लेखणी बुडवून माझ्या हातात दिली. मी ते पान बघितलं. वर 'ऐकीव' असं लिहिलं होतं, बालबोधात, मला वाचता येईल असं.

"ऐकीव नाही," मी म्हटलं. "माझ्या अंगठ्याला ठाऊक आहे."

मी लेखणी खाली ठेवली. तो निघालेला तुकडा उचलून सनदेच्या आत ठेवला, गुंडाळी केली, नळीत घातली. कापी तशीच राहिली. घरी आल्यावर बायकोनं विचारलं, झालं का? मी म्हटलं, झालं. भावाकडून तिला दुसऱ्या दिवशी कळेलच, म्हणून जास्त बोललो नाही. जेवलो. झोपही लागली.

सकाळी खंडेनवमी. मी आंघोळ केली, केळीचं पान मांडलं, तलवार ठेवली, ढाल ठेवली. मध्ये सनद उलगडली आणि तुकडा त्याच्या जागी बसवला. वरून तिसरी ओळ, उजवीकडे. बायकोनं कुंकू भिजवून आणून ठेवलं होतं. मी अंगठा बुडवला, तिथं टेकवला आणि वर ओढला.