मोजून दिलेलं सिल्व्हर नायट्रेट

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या त्या वर्षांत परदेशी रसायनं मिळेनाशी झाली होती. बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिक परीक्षेत सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण प्रत्येकाला बेताचंच मिळालं. "पुन्हा मागू नका," परीक्षकांनी बजावलं.

कॉलेजात लागलेल्या सवयीने मी ब्युरेट, म्हणजे थेंब मोजून सोडायची काचेची नळी, आधी त्याच द्रावणाने विसळली, तीही दोनदा. पहिलं रीडिंग झालं आणि बाटली रिकामी झाली. एकमेकांशी जुळणारी रीडिंगं दोन हवी होती. नापास झालो तर परळच्या एका खोलीत मला ठेवून घेणाऱ्या मामांना काय सांगणार?

"पांढरा का पडलास रे?" शेजारच्या टेबलावरचा नायगावचा मुलगा पुटपुटला. मी बाटली दाखवली. त्याने आपली पुढे सरकवली. "सांभाळून. चांदी आहे ती."

"काय चाललंय?" परीक्षक मागेच उभे होते.

"माझं झालं, सर. उरलेलं जमा करायच्या बरणीतच ओतायचं होतं."

परीक्षकांनी त्याची वही पाहिली, मग माझी. "ओत मग त्याच्या नळीत," म्हणाले आणि पुढे गेले.

मी एकेक थेंब सोडू लागलो. द्रावण पुरेसं पडल्याची खूण असलेली लाल छटा पहिल्या रीडिंगच्याच आकड्यावर उमटली, तेव्हा मी मान वर केली. तोही श्वास रोखून माझ्याच नळीकडे बघत उभा होता.