लाल फरशीचा मिस्त्री

दौलतराव गजभिये गेल्याची बातमी मला सायकल स्टँडवर कळली. रात्रपाळी सुटून बाहेर पडत होती. त्या गर्दीत मोटर हाऊसमधला एक फिटर सायकलचं कुलूप काढता काढता म्हणाला, "बाबूजी, वो आपका गजभिये कल शाम को नहीं रहा. पीलिया था." आपका गजभिये... पीलिया म्हणजे कावीळ. ऑफिसात जाऊन बसलो आणि दुपारपर्यंत एकच कागद तीनदा वाचला. त्याला आता पाच आठवडे झाले. दौलतरावांनी नुकती कुठे चाळिशी ओलांडली होती.

ओळख अकरा वर्षांची. तेव्हा भिलाईत रस्त्यांपेक्षा खड्डे जास्त होते, आणि सगळ्यांवर लाल धूळ. मी वर्ध्याहून मॅट्रिक होऊन आलेलो, अक्षर चांगलं म्हणून भरतीच्या टेबलावर बसवलेला, नोकरी अजून कच्ची. ठेकेदारांकडे राबणाऱ्या माणसांतून कायम कामगार घेणं चाललं होतं. त्या रांगेत दौलतराव माझ्यासमोर आले. मी नाव विचारलं, ते "दौलत सखाराम गजभिये" म्हणाले. गाव विचारलं, भंडारा जिल्ह्यातलं सांगितलं. पुढचा रकाना कामाचा होता. तो मी विचारलाच नाही. आडनावावरून जात कळली होती, तेवढं मला पुरलं, आणि माझ्या वळणदार अक्षरात मी लिहून टाकलं... सफाई कामगार. शेजारच्या टेबलावर एक बंगाली बाबू बसायचा. दौलतराव त्याच्या रांगेत उभे असते तर ही चूक झाली नसती. गजभिये म्हणजे कोण हे त्याला कळलंच नसतं, त्याला विचारावंच लागलं असतं. मी पडलो आपल्याच मुलखातला.

तिसऱ्या दिवशी ते ऑफिसात आले. हात सिमेंटने फुटलेले. म्हणाले, "बाबू, मी फरशीचा मिस्त्री आहो. मोटर हाऊसची फरशी माह्या हातची आहे. तुमी मले इचारलंच नाही." मी त्यांना तेव्हा अरे-तुरे करत होतो. म्हणालो, "आता अंदर तर घुसून घे. मंग पाहून घेऊ." चूक कबूल केली असती तर माझीच कच्ची नोकरी गेली असती, घरी आई आणि दोन बहिणी होत्या, हे खरं. पण याला काय फरक पडतो, असंही मनात येऊन गेलं होतं, आणि तेही खरंच. नागपूरला दीक्षा घेऊन, गावातलं वाट्याला आलेलं काम टाकून हा माणूस भिलाईला आला होता, हे मला पुढे कळलं. जे टाकून आले, तेच मी त्यांच्या हाती दिलं होतं.

मोटर हाऊस म्हणजे पोलाद लाटणाऱ्या मिलच्या अवाढव्य मोटरींची खोली. तिथे धूळ चालत नाही, मोटरीत धूळ गेली की मोटर तापते आणि मोटर बसली की मिल बसते. म्हणून तिथली फरशी लाल सिमेंटची, घोटून घोटून गुळगुळीत केलेली. ती ज्यांनी घोटली, तेच आता ती झाडू लागले. पण झाडू त्यांनी कधी कोरडा फिरवला नाही. लाकडाचा भुसा ओला करून पिळायचा, फरशीवर पसरायचा आणि मग झाडायचा, म्हणजे धूळ भुशाला धरून येते, उडत नाही. तेल सांडलं तर आधी कोरडा भुसा, मग कोमट पाण्यात चिमूटभर सोडा, आणि लगेच दुसऱ्या बादलीतल्या स्वच्छ पाण्याचं फडकं. महिन्यातून एकदा मेण रॉकेलात पातळ करून नारळाच्या काथ्याने घासायचं. मी कागद घेऊन तिकडे गेलो की दारातच अडवायचे. "बाबू, चपलेले खडा आहे. खडा फरशीले कापते." मी निमूट चपला झटकायचो. तोवर मी त्यांना अहो-जाहो करू लागलो होतो. तेवढ्यावर भागेल असं मला वाटत असावं.

मग एक नवा फोरमन आला. त्याला तेलाचे डाग एका दिवसात घालवायचे होते, म्हणून त्याने कॉस्टिक सोडा आणवला. दौलतराव आडवे आले. "तू झाड़ू मार, हमको मत सिखा," असं फोरमन सगळ्यांसमोर म्हणाला, तेव्हा बाजूला झाले. आठवड्यात फरशी पांढरी पडली. हात फिरवला की पीठ निघायचं, म्हणजे धूळ आता फरशीतूनच येऊ लागली. दौलतराव पंधरा दिवस गुडघ्यांवर बसून होते. हातभर हातभर करत त्यांनी सगळी फरशी पुन्हा घोटली, चिरा लाल सिमेंटने भरल्या, मेण चढवलं. काम संपलं त्या दिवशी ते माझ्याकडे आले. गुडघे सुजलेले. "आता तरी लिवून द्या बाबू. मिस्त्री असतो त त्यानं माहं आयकलं असतं." दुरुस्तीचा कोरा कागद माझ्या खणातच होता. त्यावर कारण लिहावं लागतं, 'लेखनिकाची चूक', आणि खाली माझी सही. त्याच महिन्यात माझं बढतीचं चाललं होतं. मी म्हणालो, "पुढच्या महिन्यात करून टाकू, दौलतराव." ते "बरं" म्हणाले आणि गेले. त्यानंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही. बढती मला मिळाली.

मागच्या रविवारी मी सेक्टर सहामधल्या त्यांच्या क्वार्टरवर गेलो. धीर व्हायला चार रविवार लागले. त्यांच्या पत्नी सेवंताबाईंनी चहा केला. मुलगी कमल सातवीत आहे. ती खाटेवर शाळेचा फॉर्म घेऊन बसली होती.

"बाबूजी, वडिलांचं काम काय लिवू? गुरुजी म्हणून राहिले, कंपनीच्या कागदावर आहे तेच लिवा."

मी चहाचा कप खाली ठेवला. सेवंताबाईच म्हणाल्या, "तुमी कावून बदलून देत नाही, ते त्यायले मालूम होतं. मी लय भांडो. ते म्हणत, राहू दे, त्या बाबूले बी घर आहे." त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मी कमलला म्हणालो, "फरशी मिस्त्री लिही. कंपनीचा कागद मी करतो." तिने दप्तर जवळ ओढलं.

"पेन्सिलनं लिवू का पेनानं?"

"पेनानं," मी म्हणालो. तिने पेनाने लिहिलं.

सोमवारी मी तो कागद भरला. जुनी नोंद, सफाई कामगार. खरी नोंद, फरशी मिस्त्री. कारण, लेखनिकाची चूक. ज्या सहीला मी इतकी वर्षं भ्यालो, ती करायला श्वासभरही वेळ लागला नाही. तळाच्या शेवटच्या रकान्याकडे मी मुद्दामच पाहिलं नाही, साहेबही पाहणार नाहीत अशा आशेवर कागद त्यांच्यापुढे ठेवला. साहेब भला माणूस. त्यांनी सावकाश सगळं वाचलं, मला एका शब्दानेही बोलले नाहीत, फक्त त्या रकान्यावर बोट ठेवलं आणि कागद परत केला. तिथे कामगाराची सही लागते...

कागद माझ्या टेबलावर आहे. कमलचा फॉर्म शाळेत पोचला आहे.