भैयाजींनी झाडाखाली भरवलेली शाळा

केशोरीच्या शाळा समितीचे अध्यक्ष भैयाजी यांना पाहुणचाराची भारी हौस. जनावरांचा डॉक्टर आला तरी पोहे खाल्ल्याशिवाय त्याला म्हशीपर्यंत पोचता येत नसे. गरीब देशांतलं शिक्षण सुधारायला तीन देशांच्या विद्वानांनी मिळून संशोधन काढलं आणि त्यात केशोरीची शाळा निवडली, तेव्हा भैयाजींच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"गरीब देश म्हंजे कोनता जी?" बायकोनं, अनुसयाबाईंनी विचारलं.

"आपलाच!" भैयाजी ऐटीत म्हणाले.

त्यांनी शाळेला चुना मारला, गळक्या छतावर ताडपत्री ओढली, पोरांना तेल लावून बसवलं. विद्वानांनी हे पाहिलं आणि त्यांची तोंडं उतरली. सोबत आलेली नागपूरची चेतना मॅडम हळूच म्हणाली, "सगळं छानच आहे, भैयाजी. पण मग आम्ही सुधारायचं काय?"

पाहुणा नाराज जाणं भैयाजींना सोसणारं नव्हतं. "चिंता काऊन करून राहिल्या? उद्या या."

दुसऱ्या दिवशी अख्खी शाळा मोहाच्या झाडाखाली. फळा फांदीला टांगलेला. मध्येच एक शेळी शिरली, तिलाही कुणी हाकललं नाही. विद्वान हरखले. "आमच्या पोरायले खोलीत करमतच नाई," भैयाजींनी ठोकून दिलं. चेतनानं त्याचं इंग्रजी केलं, ते बरंच लांबलं. जाताना विद्वानांनी भैयाजींना सह-संशोधक करून टाकलं.

निष्कर्ष आला: केशोरीची मुलं झाडाखाली उत्तम शिकतात. त्यामुळे सरकारकडून शाळेला मिळायच्या नव्या खोल्या दुसऱ्या गावाला गेल्या.

भैयाजी धावत गोंदियाला शिक्षण खात्याच्या साहेबांकडे गेले. "साहेब, तो देखावा मीच केला होता."

"संशोधनावर तुमचंही नाव आहे," साहेब म्हणाले. "तीन देशांचं म्हणणं तुम्ही एकटे कसं खोडणार?"

श्रावणाच्या झडीत छत खाली आलं. रविवार होता म्हणून बरं. बाया शाळेपुढे जमल्या. "अध्यक्ष, आता बसा तुमीच झाडाखाली!" एकीनं सुनावलं. भैयाजींना मान वर करवेना.

अनुसयाबाई मात्र तडक घरी गेल्या आणि कोठीतली धानाची पोती ओढू लागल्या. "पाहून काय राहिले? मांगून धरा," त्या म्हणाल्या. भैयाजींनी धरलं. सोमवारी लहान वर्ग ओसरीत बसले, मोठे कोठीत. भैयाजींची दुपारची झोप पाढ्यांत बुडाली. कुरकुर करायची मात्र सोय नव्हती.

महिन्याभरानं चेतनाचा फोन आला. घरात भरणाऱ्या शाळेवर विद्वानांना नवं संशोधन करायचं होतं, सह-संशोधक अर्थात भैयाजीच.

फोन अनुसयाबाईंनी घेतला होता. "त्यायले टाइम नाई, बाई," त्या म्हणाल्या. "पोरायले पानी देऊन राहिले."

भैयाजींनी ते ऐकलं आणि पुढच्या पोराचा गिलास भरला.