तीनदा टेकवलेलं पेन

मी डोळे मिटून बसले होते. प्राथमिक आरोग्य केंद्रांवरच्या आम्हा नर्सांसाठी जागतिक आरोग्याचं तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं. पडद्यावरून परदेशातल्या एक डॉक्टरबाई पाहत होत्या. इथले डॉक्टरसाहेब माझ्या हातावर पेनाचं टोक टेकवणार आणि टेकलं तिथं मी बोट ठेवणार, एवढंच काम. मनगट झालं, कोपर झालं. मग काहीच नाही. मला कुठं धीर! म्हटलं, "साहेब, टेकवा ना. कायची वाट पाहून राहिले?"

"सिस्टर, तीनदा टेकवून झालं."

दंडाच्या मागे टिकलीपेक्षा थोडा मोठा फिकट डाग होता. उन्हाळ्यापासून मला माहीत होता. घामाचा असेल म्हणून सोडून दिला. करडीकडच्या गावांत बारा वर्षं लोकांच्या पाठी तपासते मी. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय.

लेप्रसी, म्हणजे कुष्ठरोग. जंतू नसांवर बसतात, म्हणून डागाला स्पर्श कळत नाही. एमडीटी, म्हणजे एकत्र दिलेली औषधं, सहा महिने घेतली की बरा होतो. हे मी घरोघरी पाठ म्हणून दाखवते. पण पहिल्या गोळ्या साहेबांसमोर गिळल्या आणि उरलेलं पाकीट पर्सच्या तळाशी दडवलं.

घरी ते तांदळाच्या कोठीत लपवलं. घरातल्यांच्या तपासणीसाठी साहेबांनी दिलेला कागद पर्समध्येच राहिला. माझी आठ वर्षांची परी रोज त्याच दंडावर डोकं ठेवून झोपते. तिच्या गालावरही एक फिकट ठिपका होता. दोन दिवस मी चुलीपासून अंगणापर्यंत नुसती फिरत होते. भात दोनदा करपला.

शेवटी सासूबाईंनी विचारलंच, "काहून फिरून राहिली वो अशी?"

सांगितलं. त्या म्हणाल्या, "गावाले त लपवू नका म्हणतेस. आन घरात लपवतेस? पोरीले बोलाव आधी."

परीला समोर बसवलं. डोळे मिटायला लावले. पेन उचललं. पोरगी हलेना, बोट उचलेना.

"आई, टेकव ना. कवाची बसली मी."

मी टेकवलंच नव्हतं. हात गालापासून वीतभर दूर अडकला होता. मग टेकवलं. तिनं बरोबर ठिपक्यावर बोट ठेवलं. मी तिथंच रडले. दुसऱ्या दिवशी साहेबांनीही परीचा ठिपका साधाच असल्याचं सांगितलं आणि घरातल्या सगळ्यांना तपासून बचावाचा एकेक डोस दिला.

आता पाकीट मिठाच्या बरणीशेजारी असतं. डाग दुखत नाही, खाजत नाही, म्हणून सोडून देऊ नका. मीही सोडला होता. साहेबांनी तीनदा टेकवून पाहिलं, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. सर्वेला गेले की आधी माझी बाही वर करते आणि मग समोरच्याला म्हणते, "आता डोळे मिटा."